ब्लॅकफ्लायच्या अळ्या शोधायच्या तर आधी वाहतं पाणी गाठा

दिवाळी झाली की झूलॉजीच्या पोरांचे मेसेज सुरू होतात, ब्लॅकफ्लायवर प्रोजेक्ट करायचाय, कुठं जाऊ? तर एक गोष्ट आधीच पक्की करा, ही माशी डासासारखी डबक्यात वाढत नाही, तिच्या अळीला खळखळतं, ऑक्सिजनवालं पाणी लागतं. म्हणून नाग नदीवर दिवस घालवू नका, कन्हान-पेंचकडचा एखादा स्वच्छ नाला बघा, जिथं रपट्यावरून पाणी धबधब खाली पडतं. जंगलात वनविभागाच्या परवानगीशिवाय शिरायचं नाही, आणि वर धरण असेल तर पाणी कधी सोडतात ते गावात विचारूनच उतरायचं, ह्यात हयगय नको.

धारेत लोंबणारं गवत कापून पांढऱ्या ट्रेमध्ये थोड्या पाण्यात ठेवा आणि दोन मिनिटं हात लावू नका. मग दिसेल, पाच-सहा मिलिमीटरची करडी अळी, मागचं टोक फुगीर, त्यानंच गवताला चिकटलेली, धक्का लागला तर रेशमाचा धागा सोडून लोंबते. डोक्यावर दोन पंखे असतात, त्यांनी ती पाण्यातले कण गाळून खाते. मी पहिल्यांदा भिंगातून ते पंखे पाहिले त्या दिवशी डबा खायचाच राहून गेला. चपलेच्या आकाराचे कोष दिसले तर तेही घ्या, पुढं आलेले श्वासाचे धागे मोजून जात ओळखायला फार मदत होते. सगळं 80 टक्के अल्कोहोलमध्ये, चिठ्ठी बाटलीच्या आत आणि पेन्सिलनंच लिहा, पेनाची शाई विरघळते.

पाण्याचा वेग मोजायला मशीन नको, दहा मीटर दोरी लावा आणि संत्रं सोडा, ते अर्धंअधिक बुडून वाहतं त्यामुळे वारा त्याला ढकलत नाही. किती सेकंद लागले ते लिहा, नाल्याची रुंदी-खोलीपण.

हा आकडा एवढा का महत्त्वाचा? ब्लॅकफ्लाय चावून एक जंत माणसाच्या अंगात शिरतो आणि त्यानं दृष्टीही जाऊ शकते, तो आजार म्हणजे रिव्हर ब्लाइंडनेस. त्याचे जवळजवळ सगळे पेशंट आफ्रिकेत आहेत, तिथं 1974 ते 2002 पश्चिम आफ्रिकेतल्या नद्यांवर हेलिकॉप्टरनं दर आठवड्याला अळीनाशक सोडत होते, कारण गरम पाण्यात अळीची वाढ आठवड्या-दीड आठवड्यात होते, आणि डोस ठरायचा तो प्रवाहावरून. तेवढी वर्षं का, तर माणसाच्या अंगातला तो जंत 10-15 वर्षं जगतो. मध्येच अळ्या औषधाला दाद देईनाशा झाल्या, मग औषधं आलटून पालटून वापरली, त्यात बीटीआय हा बॅक्टेरियापण होता, तो अळीनं गाळून खाल्ला तरच मरते.

पण म्हणून आपल्या नाल्यात कोणी काही ओतू नका हो, त्याच पाण्यावर गुरं येतात, मासे असतात. युगांडात गावकऱ्यांनी धारेतलं लोंबतं गवत-फांद्या कापल्या आणि चावणाऱ्या माश्या खूप कमी झाल्या. तुम्हीपण नाल्याचा एक छोटा तुकडा साफ करा, एक तसाच ठेवा, आणि आठ दिवसांनी दोन्हीकडच्या अळ्या मोजा.