अभिक्रियेची ऑर्डर चुकते कुठे? वेग मोजताना या चुका टाळा

एखाद्या पदार्थाची संहती बदलली की वेग तिच्या कितव्या घाताने बदलतो, तो आकडा म्हणजे ऑर्डर: संहती निम्मी केल्यावर वेगही निम्मा झाला तर ऑर्डर १. पर्सल्फेट आणि आयोडाइडच्या क्लॉक प्रयोगात, म्हणजे मिश्रण अचानक निळं होईपर्यंतचा वेळ मोजायच्या प्रयोगात, पर्सल्फेटची ऑर्डर १ यायला हवी आणि येते १.२. मग स्टॉपवॉच उशिरा दाबलं असेल, निळा रंग वेळेवर दिसला नसेल अशी कारणं शोधली जातात, आणि वहीत ‘प्रायोगिक त्रुटी’ लिहून आकडा गुपचूप १ केला जातो. असं करू नका. १.२ हा आकडा बहुतेक वेळा खरं तेच सांगत असतो: फ्लास्कमध्ये एकच गोष्ट बदलायची होती, आणि नकळत दोन बदलल्या.

उरलेली जागा पाण्याने भरणं

नेहमीचं मिश्रण घ्या. ०.२ मोलर पोटॅशियम आयोडाइड २० मिली, ०.००५ मोलर सोडियम थायोसल्फेट १० मिली, स्टार्चचे थोडे थेंब, आणि सगळ्यात शेवटी ०.१ मोलर पोटॅशियम पर्सल्फेट २० मिली. एकूण ५० मिली. पुढच्या फेरीत पर्सल्फेट १० मिलीच घेतलं आणि बाकीचं १० मिली डिस्टिल्ड वॉटर घातलं. आकारमान तेच, आयोडाइडची संहतीही तीच. वरवर पाहता सगळं बरोबर आहे.

पण द्रावणातले एकूण आयन कमी झाले. आयनिक स्ट्रेंग्थ, म्हणजे आयनांची संहती आणि भार यांचं एकत्रित माप, ०.२० वरून ०.१४ वर आली. पर्सल्फेट आणि आयोडाइड दोन्ही ऋणभारित, म्हणजे एकमेकांना दूर लोटणारे. भोवतालचे आयन हा विरोध काहीसा झाकतात. ते घटले की विरोध वाढतो आणि वेग स्थिरांकच (संहतीवरून वेग काढताना येणारा गुणक) खाली येतो. आयनांचा हा परिणाम मोजणाऱ्या डेबाय-ह्युकेलच्या सुधारित सूत्राने हिशेब केला तर वेग निम्मा होऊन त्यावर आणखी १५ टक्क्यांच्या आसपास घटतो. वेग २ ऐवजी सुमारे २.३५ पटींनी उतरला की ऑर्डर १.२ च्या वर जाणारच.

उपाय सोपा आहे. पर्सल्फेट कमी केलं तर तेवढंच ०.१ मोलर पोटॅशियम सल्फेट घाला, आयोडाइड कमी केलं तर तेवढंच ०.२ मोलर पोटॅशियम नायट्रेट. पाण्याला इथे हात लावू नका.

याच प्रयोगात थायोसल्फेटकडे फार दुर्लक्ष होतं. तयार होणारं आयोडीन ते लगेच खाऊन टाकतं; ते संपलं की आयोडीन उरतं आणि स्टार्च निळा होतो. वरच्या मिश्रणात त्याची संहती ०.००१ मोलर आहे, म्हणजे निळा रंग येईपर्यंत ०.०४ मोलर पर्सल्फेटपैकी फक्त ०.०००५ मोलर संपतं, जेमतेम सव्वा टक्का. म्हणूनच या वेगाला सुरुवातीचा वेग म्हणता येतं. चुकून ०.१ मोलरच्या बाटलीतलं थायोसल्फेट घेतलं तर निळा रंग येईपर्यंत पहिल्या फेरीत २५ टक्के आणि दुसऱ्या फेरीत ५० टक्के पर्सल्फेट संपलेलं असतं. ते रीडिंग आता सुरुवातीच्या वेगाचं राहिलेलं नसतं. थायोसल्फेट मोजायला मेजरिंग सिलिंडर नको, पिपेटच हवं. त्यातली २ टक्के चूक थेट वेगात २ टक्के चूक म्हणून उतरते. आणि वेग काढताना थायोसल्फेटच्या संहतीला वेळेच्या दुपटीने भागायचं असतं. तो २ विसरला तर ऑर्डर बरोबर येते, वेग स्थिरांक मात्र दुप्पट.

तांबं आणि लोखंड यांचे अत्यल्प आयनही ही अभिक्रिया वेगवान करतात. सगळी द्रावणं एकाच साठ्यातल्या डिस्टिल्ड वॉटरने बनवा आणि मिश्रणात ईडीटीएचा (धातूंचे आयन बांधून ठेवणाऱ्या रसायनाचा) एक थेंब टाका. पर्सल्फेटचं द्रावण ताजंच हवं, ते ठेवल्या ठेवल्या विघटन पावतं.

तापमान वॉटर बाथचं लिहिणं

सक्रियण ऊर्जा, म्हणजे अभिक्रिया घडायला लागणारी किमान ऊर्जा, मोलला ५० किलोज्यूल धरली तर २५ अंश सेल्सिअसच्या आसपास १ अंशाने वेग सुमारे ७ टक्के बदलतो. संहती निम्मी करून केलेल्या दोन फेऱ्यांमध्ये २ अंशांचा फरक पडला, तर तेवढ्यानेच ऑर्डर ०.२ ने सरकते. दोन्ही द्रावणं वेगवेगळी १० मिनिटं बाथमध्ये ठेवा, मग मिसळा, आणि मिसळल्यानंतर फ्लास्कमधलं तापमान लिहा. अभिक्रिया संपल्यावर पुन्हा एकदा बघा.

थायोसल्फेट आणि आम्लाच्या प्रयोगात गंधकाने द्रावण गढूळ होतं आणि फ्लास्कखाली काढलेली फुली दिसेनाशी होईपर्यंतचा वेळ मोजतात. तिथे याखेरीज फ्लास्क तोच, फुली तीच आणि बघणारे डोळेही तेच ठेवा. फ्लास्क बदलला की द्रावणाची खोली बदलते आणि फुली वेगळ्या क्षणी झाकली जाते. गंधकाचा थर लगेच धुवा; वाळला की निघत नाही.

सरळ रेषेवर लगेच विश्वास ठेवणं

प्रथम ऑर्डरची अभिक्रिया २० टक्के होईपर्यंतच रीडिंग घेतली आणि संहती विरुद्ध वेळ असा, म्हणजे शून्य ऑर्डरचा, आलेख काढला तरी आर-वर्ग (बिंदू रेषेवर किती चपखल बसतात त्याचं माप, जास्तीत जास्त १) ०.९९९ च्या जवळपास येतो. लॉगचा (प्रथम ऑर्डरचा) आलेखही सरळ, व्यस्ताचाही (द्वितीय ऑर्डरचाही) सरळ. यातून ऑर्डर ठरत नाही. अर्धायुकाल म्हणजे संहती निम्मी व्हायला लागणारा वेळ; निदान तीन अर्धायुकाल, म्हणजे अभिक्रिया ८७.५ टक्के होईपर्यंत रीडिंग घ्या. मग रेषेपासूनचे फरक वेगळे मांडून बघा: ते आधी एका बाजूला, मधे दुसऱ्या बाजूला आणि शेवटी पुन्हा पहिल्या बाजूला जात असतील तर आर-वर्ग कितीही देखणा असो, ऑर्डर चुकली आहे. लागोपाठचे अर्धायुकालही पडताळा. सारखे आले तर प्रथम, दुप्पट होत गेले तर द्वितीय, निम्मे होत गेले तर शून्य.

मिथिल ॲसिटेट या एस्टरचं आम्ल घालून जलअपघटन (पाण्याने विघटन) करताना आलेखाचं शेवटचं टोक वाकतं, तेव्हा बहुधा अनंत वेळेचं, म्हणजे अभिक्रिया पूर्ण झाल्यावरचं, रीडिंग चुकलेलं असतं. तयार झालेलं आम्ल मोजायला ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडने टायट्रेशन करताना अंतिम रीडिंग ०.३ मिलीने चुकलं, असं धरा. एस्टर भरपूर असताना अंतिम आणि त्या वेळच्या रीडिंगमधला फरक १२ मिलीचा, तेव्हा ही चूक २.५ टक्के. फरक १.५ मिलीवर आला की तीच चूक २० टक्के. अंतिम रीडिंगसाठी मिश्रण उघड्या फ्लास्कमध्ये गरम करू नका. मिथिल ॲसिटेट ५७ अंशांनाच उकळतं आणि उडून जातं. बूच घट्ट लावून दोन दिवस ठेवा. तेवढा वेळ नसेल तर गुगेनहाइमची १९२६ची पद्धत आहे, तिला अंतिम रीडिंग लागतच नाही.

प्रत्येक नमुना बर्फासारख्या थंड पाण्यात सोडा आणि पिपेट अर्धं रिकामं झालं तो क्षण लिहा. फिनॉल्फ्थॅलिन या दर्शकाचा पहिला फिका गुलाबी रंग आला की थांबा. गुलाबी मावळतो म्हणून आणखी अल्कली घालत बसलात तर ती उरलेल्या एस्टरलाच खात राहते.

याच प्रयोगातला गैरसमज: ‘आम्लाची संहती आलेखात आलीच नाही, म्हणजे आम्लाची ऑर्डर शून्य.’ आम्ल इथे उत्प्रेरक आहे, ते संपत नाही, म्हणून त्याचा परिणाम वेग स्थिरांकात दडून बसतो. ०.५ आणि ०.२५ मोलर आम्लाच्या दोन स्वतंत्र फेऱ्या केल्या की तो दिसतो. ॲसिटोनच्या आयोडिनेशनमध्ये आयोडीनची ऑर्डर खरोखरच शून्य असते, पण तिथेही आम्ल आणि ॲसिटोन भरपूर हवेत. अभिक्रियेतून आम्ल तयार होतं; मुळातलं आम्ल कमी असेल तर वेग आपोआप वाढत जातो आणि रेषा वाकते.

पर्सल्फेट-आयोडाइडचं वेग समीकरण हाती आलं की ते न केलेल्या मिश्रणावर चालवून बघा. आयोडाइड १५ मिली, पर्सल्फेट १५ मिली, थायोसल्फेट नेहमीचं १० मिली, आणि भर म्हणून नायट्रेट व सल्फेट प्रत्येकी ५ मिली. पहिल्या मिश्रणाला ३९ सेकंद लागले असतील तर इथे ६९ च्या आसपास लागायला हवेत. हा आकडा स्टॉपवॉच सुरू करण्याआधी वहीत लिहा. ८० आले तर आधी थर्मामीटर बघा, मग भर घालायच्या बाटल्यांवरची लेबलं.