प्रायॉरिटी 3 ची 7 केली, तरी माग उशिराच थांबला

आरटीओएस, म्हणजे ठरल्या वेळेत कामं उरकणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टीम, शिकायला बसलात म्हणजे टास्क, शेड्युलर, टिक हे सगळं वाचून झालंच असेल. मी तीन आठवडे ज्यात अडकलो तेवढंच सांगतो.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागासाठी बोर्ड करत होतो. एसटीएम32 मायक्रोकंट्रोलर, त्यावर फ्रीआरटीओएस नावाची आरटीओएस. ताण्याचं सूत तुटलं की माग थांबवायचा, या टास्कला सगळ्यात वरची प्रायॉरिटी. मधली डिस्प्लेला. खालची, धोट्याच्या फेऱ्या मोजून ईईपीरॉममध्ये (वीज गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीत) लिहिणाऱ्या टास्कला. माग थांबवणारा रिले आणि ईईपीरॉम एकाच आयटूसी बसवर (दोन तारांच्या सामाईक जोडणीवर), म्हणून एका वेळी एकच टास्क बस वापरेल असं बायनरी सेमाफोरचं कुलूप.

टेबलावर झकास चालायचं. कारखान्यात मात्र दिवसातून दोन-चारदा माग उशिरा थांबे. मिनिटाला 150 फेऱ्या, म्हणजे फेरीला 400 मिलिसेकंद. दोन फेऱ्या जास्त गेल्या की टॉवेलात रेघ. मागावरचे मामा तिच्यावर नख फिरवून म्हणायचे, "तुमचा कॉम्प्युटर झोपतोय बघा."

सरांचा सल्ला एकच: प्रायॉरिटी वाढव. 3 ची 5, 5 ची 7. अहो, जो आधीच सगळ्यात वर आहे त्याला आणखी कुठे चढवणार? पण तेव्हा मुकाट्याने केलं.

घडत होतं ते असं. खालचा टास्क बस घेऊन लिहायला लागला. तेवढ्यात डिस्प्ले जागा झाला आणि प्रायॉरिटीच्या जोरावर त्याला बाजूला सारून चित्र काढत बसला. सूत तुटलं. वरचा टास्क उठला, पण बसची किल्ली खालच्याकडे, आणि खालच्याला डिस्प्ले पुढे सरकू देईना. बसशी काडीचा संबंध नसलेल्या मधल्यामुळे वरचा ताटकळला. हेच प्रायॉरिटी इन्व्हर्जन.

उपाय एका ओळीचा निघाला: बायनरी सेमाफोरऐवजी म्युटेक्स, म्हणजे कुलूपच, पण किल्ली कोणाकडे आहे ते ओळखणारं. वरचा वाट बघत असेपर्यंत किल्ली धरणाऱ्याला त्याची प्रायॉरिटी उसनी मिळते. फ्रीआरटीओएसच्या बायनरी सेमाफोरमध्ये ही सोय नाही. कॉपी-पेस्ट करणाऱ्यांनो, हे नीट वाचा! आणि म्युटेक्स इंटरप्टमधून (हार्डवेअरच्या हाकेवर मध्येच चालणाऱ्या कोडमधून) वापरू नका. तो मार मी वेगळा खाल्लाय.

लाज वाटून घेऊ नका. 1997 मध्ये मंगळावर उतरलेलं नासाचं पाथफाइंडर याच कारणाने पुन्हापुन्हा रीसेट होत होतं; पृथ्वीवरून ही उसनवारी चालू करून दिली तेव्हा थांबलं.

मला हे सापडलं ते लॉजिक अ‍ॅनालायझरवर, म्हणजे पिन कधी वर-खाली होतात ते दाखवणाऱ्या यंत्रावर. प्रत्येक टास्कला मायक्रोकंट्रोलरची एक पिन द्या, चालू असेपर्यंत ती वर ठेवा. डिस्प्लेची लांबलचक पट्टी लगेच दिसते.