कुत्र्याला त्वचेचा कर्करोग झाल्याचे कळल्यावर काय करावे

आमच्या सोनीच्या डाव्या मांडीमागे वाटाण्याएवढी गाठ पहिल्यांदा हाताला लागली, तेव्हा ती नऊ वर्षांची होती. ज्या डॉक्टरांना आम्ही ती दाखवली, त्यांनी गाठ बोटांत धरून पाहिली आणि लॅब्रेडॉरला या वयात चरबीच्या गाठी होतातच, असे सांगून आम्हाला परत पाठवले. ती चरबीची गाठ नव्हती, हे कळायला चार महिने गेले. ज्यांच्या हातात नुकताच असा रिपोर्ट पडला आहे, त्यांचा तेवढा वेळ वाया जाऊ नये म्हणून हे लिहीत आहे.

कर्करोग हा शब्द ऐकल्यावर त्या दिवशी कोणताही मोठा निर्णय घेऊ नका. त्याऐवजी रिपोर्टवर रोगाचे जे पूर्ण नाव छापलेले असेल ते वहीत उतरवून घ्या. कुत्र्यांच्या त्वचेत होणारे कर्करोग एकमेकांपासून इतके वेगळे आहेत की नाव ठाऊक नसताना केलेली काळजी आणि धरलेली आशा, दोन्ही व्यर्थ ठरतात. केसाळ त्वचेवरचा मेलॅनोमा (रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींची गाठ) पुष्कळदा निरुपद्रवी असतो, पण तोच तोंडात किंवा नखाच्या मुळाशी झाला तर बहुधा घातक असतो. पांढऱ्या, विरळ केसांच्या पोटावर वर्षानुवर्षे ऊन लागून स्क्वॅमस सेल कार्सिनोमा (त्वचेच्या वरच्या थरातील चपट्या पेशींचा कर्करोग) होऊ शकतो, त्यामुळे गच्चीत उताणे पडून ऊन खाणाऱ्या कुत्र्याच्या पोटावरच्या लाल, खरबरीत चट्ट्यांकडे दुर्लक्ष करू नये. आपल्याकडे रस्त्यावरच्या कुत्र्यांत आढळणारा संसर्गजन्य व्हीनेरियल ट्यूमर (मुख्यतः समागमातून पसरणारी गाठ) कधीकधी त्वचेवरही दिसतो, आणि तो व्हिंक्रिस्टीन या केमोथेरपीच्या औषधाच्या इंजेक्शनांनी बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. कुत्र्यांच्या त्वचेतील घातक गाठींमध्ये सर्वांत जास्त आढळणारा प्रकार मात्र मास्ट सेल ट्यूमर. सोनीला तोच झाला होता, म्हणून पुढचे बहुतेक विवेचन त्याविषयी आहे.

मास्ट पेशी या शरीराच्या प्रतिकारशक्तीतल्या पेशी. ॲलर्जीच्या वेळी त्या हिस्टामीन हे सूज आणि खाज आणणारे रसायन सोडतात, आणि या पेशींची गाठ झाली की ती गाठ चोळल्याने किंवा दाबल्यानेही हिस्टामीन बाहेर पडते. सोनीची गाठ सकाळी वाटाण्याएवढी असे, आणि तिने ती चाटली की दुपारपर्यंत लालभडक होऊन लिंबाएवढी फुगे. संध्याकाळी पुन्हा ओसरे. आम्हाला वाटे, किडा चावला असेल. गाठ अशी लहानमोठी होत असेल तर तेवढ्यावरून निदान होत नसले, तरी डॉक्टरांना ते आवर्जून सांगा आणि दोन्ही वेळचे फोटो दाखवा. शेजाऱ्यांनी कितीही मायेने सुचवले, तरी अशा गाठीवर हळदीचा लेप किंवा तेल चोळू नका. हेच हिस्टामीन पोटातील आम्ल वाढवते आणि त्यातून अल्सर होऊ शकतो, म्हणून कुत्र्याची भूक मंदावली, त्याला उलट्या झाल्या किंवा त्याची विष्ठा डांबरासारखी काळी दिसली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

गाठ कोणती आहे हे हाताने चाचपून कोणालाही सांगता येत नाही, मग डॉक्टर कितीही अनुभवी असोत. त्यासाठी सुईची तपासणी लागते. बारीक सुईने गाठीतल्या थोड्या पेशी काढून काचेच्या पट्टीवर पसरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. बहुतेक कुत्र्यांना त्यासाठी भूल द्यावी लागत नाही आणि काम काही मिनिटांत होते. मास्ट पेशींमधले जांभळे दाणे त्यात बहुधा स्पष्ट दिसतात. ही तपासणी केल्याशिवाय गाठ कापायला संमती देऊ नका, कारण गाठ कसली आहे यावर भोवतालची किती त्वचा काढायची हे ठरते. मास्ट सेल ट्यूमरसाठी साधारणपणे सर्व बाजूंनी 2 ते 3 सेंटिमीटर निरोगी त्वचा आणि खालचा ऊतींचा एक निरोगी थर काढतात. पायाच्या खालच्या भागात एवढी सैल त्वचा नसतेच, म्हणून तिथली गाठ लहान असतानाच काढणे शहाणपणाचे असते.

शस्त्रक्रियेआधी जवळच्या लसीकाग्रंथीची सुईने तपासणी, रक्ताच्या चाचण्या आणि गरजेप्रमाणे यकृत व प्लीहा पाहण्यासाठी पोटाची सोनोग्राफी करतात. या भेटीत तीन गोष्टी विचारा: भुलेआधी हिस्टामीनविरोधी औषध देणार का, किती मार्जिन (गाठीभोवतीची निरोगी त्वचा) घेणार, आणि काढलेली गाठ हिस्टोपॅथॉलॉजीला (ऊतींच्या सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीला) पाठवणार का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आले तर दुसरा डॉक्टर शोधा, असे मी स्पष्टच म्हणेन. तुकडा नव्हे, तर अख्खी गाठ तिच्या दहापट फॉर्मॅलिनमध्ये बुडवून पाठवायची असते, म्हणजे कडेपर्यंत रोगाच्या पेशी पोहोचल्या आहेत का हे कळते. गाव लहान असले तरी नमुना शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवता येतो. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी परळचे 1886 साली स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय, तसेच नागपूर आणि शिरवळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालये या ठिकाणी चौकशी करावी.

रिपोर्ट आला की ग्रेड, म्हणजे गाठ किती आक्रमक आहे याची श्रेणी, पाहा. 1984 पासून वापरात असलेल्या जुन्या पद्धतीत तीन ग्रेड असतात, तर 2011 मध्ये मांडलेल्या पद्धतीत लो आणि हाय असे दोनच. अनेक प्रयोगशाळा दोन्ही लिहितात, त्यामुळे वाचताना गोंधळू नका. लो ग्रेडची गाठ पूर्ण निघाली असेल, तर बहुतेक कुत्र्यांना पुढे वेगळ्या उपचारांची गरज पडत नाही. हाय ग्रेडचे तसे नाही. 2011 च्या अभ्यासात अशा कुत्र्यांचे पुढचे मध्यम आयुर्मान (निम्मी कुत्री ज्याहून कमी आणि निम्मी ज्याहून जास्त जगतात तो काळ) चार महिन्यांहून कमी, तर लो ग्रेडच्या कुत्र्यांचे दोन वर्षांहून अधिक आढळले होते. हे आकडे एका गटाचे आहेत, तुमच्या कुत्र्याचे भविष्य नव्हे. तरी ते माहीत असलेले बरे, कारण केमोथेरपी करायची का, हा प्रश्न इथेच उभा राहतो.

माणसांची केमो जवळून पाहिलेल्या घरात तो शब्द ऐकताच अंगावर काटा येतो, आणि ते मी समजू शकते. कुत्र्यांमध्ये तिचा मुख्य हेतू उरलेले दिवस चांगले जावेत हा असल्याने मात्रा तुलनेने कमी ठेवतात, आणि पूडलसारख्या सतत केस वाढणाऱ्या जाती सोडल्या तर केस सहसा गळत नाहीत. व्हिनब्लास्टीन आणि प्रेडनिसोलोन ही जोडी बरीच वापरली जाते. प्रत्येक डोसआधी रक्ततपासणी हवी, ताप किंवा मरगळ दिसली तर वाट पाहू नये, आणि नंतरचे काही दिवस कुत्र्याचे मलमूत्र हातमोजे घालूनच उचलावे. घरात कोणी गरोदर असेल तर तिने ते काम अजिबात करू नये. प्रेडनिसोलोन सुरू असताना कुत्रा खूप पाणी पितो आणि घरात लघवी करतो. त्यावर रागावू नका, रात्रीची एक फेरी वाढवा. हे औषध स्वतःहून एकदम बंद करू नका, आणि दुखते आहे म्हणून घरातली आयबुप्रोफेनसारखी माणसांची गोळी तर कधीच देऊ नका.

शस्त्रक्रियेनंतरचे 10 ते 14 दिवस टाके सांभाळण्यात जातात. सोनी प्लॅस्टिकच्या कॉलरने दाराच्या चौकटीला धडकत असे आणि आमच्याकडे अशा नजरेने पाही की कॉलर काढून टाकावीशी वाटे. आम्ही ती काढली नाही. गुळगुळीत फरशीवर पाय घसरून टाके ताणले जातात, म्हणून तिच्या जागेपासून दारापर्यंत आम्ही जुन्या सतरंज्या अंथरल्या होत्या.

खर्चाचा अंदाज आधी लेखी मागून घ्या आणि घरातल्या सर्वांसमोर आपली मर्यादा मोकळेपणाने ठरवा. कुत्र्यासाठी एवढा पैसा कशाला, असे कोणीतरी म्हणणारच. त्याला उत्तर देण्यात शक्ती घालवू नका. परवडत नाही म्हणून केमो न करता वेदना आणि पोटाचा त्रास कमी ठेवणारी औषधे देणे, हाही खरा उपचार आहे आणि त्यात अपराधी वाटण्यासारखे काही नाही. मुलांपासून आजार लपवू नका. कॅलेंडरवर रोज एक खूण करण्याचे काम त्यांना देता येते: कुत्रा आवडीने जेवला, स्वतः उठून दाराशी आला, रात्री शांत झोपला, तर दिवस चांगला. वाईट दिवस सलग चांगल्यांपेक्षा जास्त होऊ लागले की ते कॅलेंडर घेऊन डॉक्टरांकडे जा आणि दयामरणाविषयी विचारा. आधी गुंगीचे औषध देतात का, डॉक्टर घरी येतील का, जवळ कोण बसेल आणि नंतर देह कुठे न्यायचा, हे सगळे त्या दिवसाच्या आधीच ठरलेले असावे.

सोनीची गाठ लो ग्रेडची निघाली. मार्जिन स्वच्छ होते. तरीही एकदा मास्ट सेल ट्यूमर झालेल्या कुत्र्याला दुसरीकडे नवी गाठ येऊ शकते, म्हणून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी तिला सतरंजीवर आडवी करून नाकापासून शेपटीपर्यंत दोन्ही हातांनी चाचपत असे: ओठांच्या आत, कानांच्या कडा, काखा, जांघा, बोटांच्या मधल्या फटी. वहीत कुत्र्याची बाह्याकृती काढून ठेवावी आणि प्रत्येक गाठीची जागा, तारीख व मिलिमीटरमधले माप त्यावर लिहावे. दीड वर्षाने तिच्या उजव्या कानाच्या कडेला एक दाणा सापडला, चार मिलिमीटरचा. सोमवारी सकाळी त्यात सुई घातली गेली होती.