परदेशी शिक्षणाला जाण्यापूर्वीचा नागपुरातील उन्हाळा

ऑगस्टमध्ये अमेरिकेत पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू होणार असेल, तर विद्यापीठातून मोहोरबंद गुणपत्रिका घेण्याचे काम एप्रिलमध्येच उरकावे. कारण मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांपुढे जातो आणि भर दुपारी खिडकीपुढे रांगेत उभे राहणे प्रकृतीला झेपत नाही. व्हिसाची मुलाखत सहसा मुंबईत होते, हे धरून रेल्वेचे आरक्षण करावे. विद्यार्थी व्हिसावर अभ्यासक्रमाच्या आरंभापूर्वी 30 दिवसांहून आधी प्रवेश मिळत नाही, त्यामुळे जून बहुधा घरचाच असतो.

हा महिना माझ्या मते स्वयंपाकघराला द्यावा. वडाभाताची कृती आईकडून उतरवून घेण्यापेक्षा तिच्यासमोर करून पाहावी: भिजवलेल्या मिश्र डाळी जाडसर वाटाव्यात, पाणी बेतानेच घालावे, कारण पीठ सैल झाले की वडे तेल पितात, मग ते खरपूस तळून गरम भातावर कुस्करावेत आणि वरून हिंग, मोहरी व लाल मिरचीची फोडणी सढळ हाताने ओतावी. सकाळी गच्चीवर सांडगी मिरच्या वाळत घालताना आजीजवळ बसावे, तिला बोलू द्यावे.

निघण्यापूर्वी भारतातील मोबाईल क्रमांक चालू राहील अशी व्यवस्था करावी, कारण बँकेचे ओटीपी त्यावरच येतात.