डायलला कुलूप असलं तरी फोन कसा लावायचा

पुतण्याला अडगळीच्या खोलीत मोठ्या बाबांचा जुना काळा फोन सापडला, डायलच्या भोकात ते बारकं पितळी कुलूप अजून तसंच लटकलेलं. तो म्हणे काका, फोनला कुलूप काहून? म्हटलं, कोणी न विचारता फोन लावून बिल वाढवू नये म्हणून. बस इथं, कुलूप न उघडता फोन कसा लावायचा ते सांगतो. आमच्याकडची तांब्याची लाइन केव्हाचीच गेली त्यामुळे त्याला नुसती बोटांची प्रॅक्टिस, पण रीत जशी होती तशीच सांगतो.

पहिले कुलूप कोणत्या भोकात आहे ते पाहा. आकड्याच्या भोकात बोट घालून डायल अडणीपर्यंत फिरवायचा असतो, अन् कुलूप त्या अडणीला टेकलं की डायल तिथंच थांबतो. शहाणा माणूस 1 मध्ये लावायचा, मग डायल एकाच्या पुढे हलतच नाही. मोठ्या बाबांनी लावलं होतं 3 मध्ये, म्हणजे 1, 2, 3 आरामात फिरायचे अन् बाकीच्या आकड्यांचीच काय ती मेहनत. त्यांना हे कधी समजलंच नाही अन् आम्ही कायले सांगतो!

आता आतली गोष्ट. टेलिफोन एक्सचेंजमधून, म्हणजे जिथून सगळ्यांचे फोन जोडल्या जातात तिथून, दोन तारा येतात, 48 व्होल्टच्या, रिसीव्हर उचलला की सर्किट जोडल्या जाते अन् टोन येते. डायल फिरवून सोडला की तो माघारी जाताना कर्र कर्र करत सर्किट तोडत जातो, 5 ला पाच वेळा, 9 ला नऊ वेळा, अन् 0 ला शून्य वेळा नाही बरं, दहा वेळा, सेकंदाला दहाच्या स्पीडनं. एक्सचेंज फक्त हे तुटणं मोजते, डायल कोणी फिरवला का नाही याच्याशी त्याला काही घेणं नाही. अन् रिसीव्हर जिथं ठेवतो तिथला खटका दाबला तरी सर्किट तुटतेच ना, बस, हीच सगळी चोरवाट.

तर रिसीव्हर कानाला लावा, टोन ऐका, अन् खटक्यावर बोट मारा, 7 पाहिजे तर सात वेळा टकटक. हात जड नको. खटका दाबून धरला तर एक्सचेंजला वाटते तुम्ही फोन ठेवला, अन् परत टोन, परत पहिल्यापासून. घाईत मारलं तर दोन टक एकात जातात अन् 7 चा 6 होतो, आमचे असे किती राँग नंबर गेले अन् लोकांच्या किती शिव्या खाल्ल्या, विचारू नका. एक आकडा झाला की एक श्वास थांबायचं, मग दुसरा. माझा चुलतभाऊ भजनी मंडळात खंजिरी वाजवायचा, तुकडोजी महाराजांची भजनं, त्याचं बोट असं तालात पडायचं का एकही नंबर चुकायचा नाही. मी मात्र मनात आकडे मोजायचो अन् 9 ला हमखास गडबडायचो.

गावातल्या गावात सोपं होतं, नंबर तीनच आकडी. ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत सी-डॉट या सरकारी संस्थेचं 128 लाइनचं छोटं एक्सचेंज होतं, त्याला एसी लागत नव्हता म्हणून आमच्या 45 डिग्रीत टिकलं बिचारं. खरी परीक्षा नागपूरची, 0712 म्हणजे 10, 7, 1, 2, कोडमध्येच वीस टक झाले, पुढे मामाच्या घराचे सहा आकडे वेगळे. (3 मध्ये कुलूप असलं तर 1 अन् 2 डायलनंच फिरवायचे, बोट वाचते.) ज्यांच्याकडे एसटीडी (म्हणजे बाहेरगावी थेट फोन लावायची सोय) एक्सचेंजमधूनच बंद केलेली असायची तिथं मात्र ही रीत चालत नव्हती. बिलाची भीती नव्हती, दोन महिन्यांनी यायचं अन् त्यात नुसती कॉलची बेरीज, कोणी कुठं लावला ते काही लिहून येत नव्हतं.

टाइम म्हणाल तर मे महिन्याची दुपार. मोठे बाबा खताच्या दुकानातच खाटेवर झोपायचे, कूलर असा गरगरायचा का त्याच्यात टकटक ऐकूच यायची नाही. मामेभावाला सांगायचं होतं, सुट्टीत येशील तर बॅट घेऊन ये. कोड झाला, नंबरचे पाच आकडे झाले, शेवटचा आकडा बाकी, अन् लाइट गेली. फोन चालूच, त्याला एक्सचेंजच्या बॅटरीचा करंट, पण कूलर बंद. त्या शांततेत माझी टक, टक, टक.

मोठे बाबा उठून बसले. मी रिसीव्हर हातात धरून तसाच उभा, पलीकडून मामी हॅलो हॅलो करू राहिली.

"लागला काय नागपूर?"

मी मान हलवली.

"मंग बोल ना बाप्पा, पैसे पडू राहिले." मी बॅटचं सांगून टाकलं अन् फोन ठेवला. गालफडात बसणार हे पक्कं होतं, तर मोठे बाबा खाटेखालची चप्पल शोधत म्हणतात, "किल्ली आठ दिवसांपासून सापडून नाही राहिली. आता यवतमाळ लाव बरं, 07232, जिनिंगवाल्याले कापसाचा भाव विचारतो."