अन्न-स्वराज्याच्या कामात यायचंय? जव्हारकडच्या माझ्या अनुभवातून थोडंसं

अन्न-स्वराज्य म्हणजे काय पेरायचं, काय खायचं हे पिकवणाऱ्यांनीच ठरवणं. त्या कामासाठी पालघर जिल्ह्यात जव्हारजवळच्या एका पाड्यावर मी पहिल्यांदा राहायला गेले, तेव्हा जून उजाडला होता. बरोबर बारा पानी प्रश्नावली होती. पहिला प्रश्न होता, ‘घरात कोणती पिकं घेता?’ मी तो घरोघरच्या कर्त्या पुरुषांना विचारला आणि उत्तर मिळालं भात, नागली (नाचणी), वरई. तीन शब्दांत विषय संपला. ज्यांच्या घरी उतरले होते त्या आजी चुलीपाशी शेवळं ही रानभाजी निवडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “बाय, आधी खा, मंग लिही.”

शेवळं पहिल्या पावसाबरोबर जमिनीतून वर येतात. त्यांचा पिवळा भाग काढून टाकायचा, बाकीचं बारीक चिरायचं आणि काकडाची आंबट फळं घालून शिजवायचं. काकड नसेल तर चिंच. आंबट घातलं नाही तर घसा खाजतो. कडूकंदाची तऱ्हा याहून वेगळी. त्याच्या चकत्या राखेच्या पाण्यात उकडायच्या आणि रात्रभर ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवायच्या, तेव्हा कुठे कडवटपणा उतरतो. कोणती वस्तू कधी आणि कशी खायची हे ज्ञान हातात असतं, आणि आमच्या पाड्यावर ते बहुतेक बायकांच्या हातात होतं. माझ्या प्रश्नावलीत त्याला एकही रकाना नव्हता. म्हणून नव्यानं येणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं असं: पहिलं वर्ष काहीही ‘राबवू’ नका. चारही महिने पावसाळा पाड्यावर काढा आणि जे शिजेल ते जेवा.

बियाण्याचं कामही मला असंच उशिरा कळलं. नागलीची कापणी व्हायच्या आधी आजी एकट्याच शेतात जायच्या आणि भरलेली, घट्ट मिटलेली कणसं खुडून वेगळी बांधायच्या. काकडी-दोडक्याचं बी राखेत घोळून मडक्यात ठेवायचं आणि मडक्याचं तोंड शेणानं लिंपायचं. मक्याची कणसं चुलीवरच्या धुरात टांगायची, म्हणजे किडा लागत नाही. नागलीही एकच नसते, हळवी, निमगरवी, गरवी असे लवकर, मध्यम आणि उशिरा तयार होणारे प्रकार असतात. हळवी लवकर तयार होते, म्हणजे कणगीतलं धान्य संपत आलं असतानाच घरात नवं दाणं येतं. पाऊस मध्येच थांबला तरी हळवी हाताला लागते. पाऊस शेवटपर्यंत टिकला तर गरवी भरघोस देते. एका घरात दोन-तीन वाण असतात ते हौसेपोटी नव्हे. पुढचा पाऊस कसा पडेल ते कुणालाच ठाऊक नसतं, त्याची ती तयारी असते.

इथे एक गोष्ट मला फार लागली. दिवाळीनंतर निम्मा पाडा भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातो. मागे उरतात म्हातारी माणसं. बियाणं तीच सांभाळतात. ज्या घरातली म्हातारी गेली किंवा तीही भट्टीवर गेली, त्या घरातला वाण दोन-तीन वर्षांत गेलाच म्हणून समजा. पुढच्या जूनमध्ये ते घर दुकानातली पिशवी आणतं. म्हणून बियाणं वाचवायचं तर रोजगाराचं बोलावंच लागतं. जानेवारी ते मे प्रशिक्षणं ठेवू नका, ऐकायला कोणी नसेल.

अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याला देशी वाण जपणाऱ्या राहीबाई पोपेरे यांची बियाणे बँक आवर्जून पाहा. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पण पुरस्कारापेक्षा तिथली मडकी आणि त्यातली वर्गवारी नीट बघा.

कायदे वाचल्याशिवाय मात्र येऊ नका. ‘अन्न-स्वराज्य’ हा विचार ‘ला व्हिया कंपेसिना’ या शेतकरी चळवळीनं 1996 मध्ये रोमच्या जागतिक अन्न परिषदेच्या वेळी जगापुढे मांडला. काय पेरायचं, काय खायचं हे पिकवणाऱ्यांनी ठरवायचं, हा त्याचा गाभा. आपल्याकडे त्याला आधार देणारे कायदे दोन: आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा 1996 चा पेसा आणि 2006 चा वनहक्क कायदा. दुसऱ्यातला सामूहिक वनहक्क मिळाला की कंद, फळं, मोहाची फुलं, मध, बांबू यांवर ग्रामसभेचा हक्क लागतो आणि जंगल राखायची जबाबदारीही येते. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा या गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टरवर असा हक्क मिळाला. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा आधीची, कागद नंतरचा. हा क्रम लक्षात ठेवा. 2013 चा अन्नसुरक्षा कायदाही वाचा. त्यात भरड धान्यही द्यायची तरतूद आहे (2022 अखेरपर्यंत ती एक रुपया किलोनं होती), तरी आमच्या पाड्यावरच्या रेशनच्या गोणीत मी पाहिले ते तांदूळ आणि गहूच. स्वस्त तांदूळ घरात आला की उतारावरची नागली लावायला कोण जातं? मला रेशन बंद व्हायला नको आहे. 1992 मध्ये याच तालुक्यातल्या वावर-वांगणीत भुकेनं लेकरं गेली, ते विसरून बोलता येत नाही. रेशनमध्ये इथलीच नागली इथूनच खरेदी होऊन यावी, एवढं मात्र मला मनापासून वाटतं.

आता माझ्याकडून झालेलं नुकसान. आम्ही रानभाज्यांची यादी केली, जागांसकट, फोटोंसकट. ज्या संस्थेसाठी केली तिच्याकडून ती बाहेर गेली. पुढच्या जूनमध्ये टेम्पो आला आणि ओढ्याकाठची शेवळं कंदासकट उपटली गेली. वरून खुडली तर ती पुढच्या वर्षी पुन्हा येतात, कंद गेला की जागाच संपते. आजी मला काही बोलल्या नाहीत, आठवडाभर रानात मात्र नेलं नाही. तेव्हापासून कुठलीही माहिती ग्रामसभेत वाचून दाखवल्याशिवाय आणि ठराव झाल्याशिवाय मी बाहेर देत नाही. जागा तर लिहीतच नाही. वही पाड्यावर राहते, माझ्याकडे नक्कल. प्रबंधासाठी येत असाल तर तुमच्या मार्गदर्शकांना हे आधीच सांगून ठेवा, कारण प्रबंधाची तारीख जवळ आली की दबाव येतो.

या कामात पगार बेताचा आणि नेमणुका बहुतेक प्रकल्पापुरत्या. समाजकार्य, शेती, वनस्पतीशास्त्र, आहारशास्त्र, कुठूनही आलात तरी चालतं. भाषा मात्र शिकावी लागते. वारली, कातकरी, कोकणा या आदिवासी समाजांची बोली वेगवेगळी, आणि भाज्यांची नावंही पाड्यागणिक बदलतात. नाव लिहाल तिथे ते कोणाच्या बोलीतलं तेही लिहा.

चौथ्या वर्षी पाड्यावरच्या बायकांनी स्वतःच एक पत्र्याची पेटी आणली. एक शेर बी नेलं तर दोन शेर परत, असा त्यांचा नियम. मी तेव्हा सुट्टीवर होते. परत आले तर वहीत अकरा नावं होती, सगळी बायकांची, आणि शेवटच्या ओळीत कोणीतरी माझंही नाव घातलं होतं: हळवी नागली, एक शेर, देणं बाकी.