इलेक्ट्रिक मोटरसायकल रोज कशी वापरावी, आणि तिच्यात सुधारणा कशा सुचवाव्यात

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या एका कारखान्यात मी मेंटेनन्स बघतो. आमच्याकडं प्रत्येक यंत्राच्या नावाची वही असते. यंत्र बंद पडलं की आधी वही उघडायची, कारण बिघाडाच्या आठ दिवस आधी काय आवाज येत होता, काय तापत होतं, ते तिथंच सापडतं. दोन वर्षांपूर्वी घरी इलेक्ट्रिक मोटरसायकल आली, तेव्हा पूजा झाल्यावर मी पहिलं काम हेच केलं. शंभर पानी वही आणली आणि वर गाडीचा नंबर लिहिला.

खाली जे सांगतोय ते त्या वहीतलं आहे. गाडी तयार करणाऱ्यांनी ती मेहनतीनं केली आहे याबद्दल मला शंका नाही. पण मे महिन्यात दुपारी दोन वाजता सात रस्ता चौकात सिग्नलला उभं राहायचं काम आपल्याकडं असतं. तिथं काय होतं ते आपण नीट लिहून कळवलं, तरच पुढची गाडी सुधारते.

आधी घरातला बोर्ड बघा

गाडी बुक करण्याआधी इलेक्ट्रिशियनला घरी बोलवा. चार्जर साधारण चार-पाच अँपिअर घेतो, म्हणजे गिझरपेक्षा कमीच. पण गिझर पंधरा मिनिटं चालतो आणि हा, बॅटरी रिकामी असेल तर, चार-पाच तास सलग. त्यामुळं १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट, त्याला स्वतंत्र एमसीबी (जास्त करंट गेला की वीज तोडणारा स्विच) आणि खरं अर्थिंग, या तिन्ही गोष्टी हव्यातच. पेठांमधल्या जुन्या घरांत तिसऱ्या पिनेचं भोक असतं, मागं वायरच नसते. ते तपासून घ्या.

एक्स्टेंशन बोर्ड वापरू नका. चार्जिंग सुरू करून अर्ध्या तासानं प्लगला हात लावा. कोमट लागला तर ठीक. हात ठेववत नसेल, किंवा पिना काळ्या पडल्या असतील, तर सॉकेट ढिलं झालंय. त्याच दिवशी बदला.

पंधरा दिवस फक्त मोजा

कंपनीनं सांगितलेली रेंज विसरा आणि स्वतःची काढा. प्लगमध्ये बसणारं युनिट मोजायचं छोटं मीटर बाजारात मिळतं, ते घ्या. रोज चार गोष्टी लिहा: किती किलोमीटर, किती युनिट, मागं कोण बसलं होतं, वारा कसा होता.

माझा हिशोब असा निघाला. जुळे सोलापुरातून कारखाना आणि परत, अधूनमधून नवी पेठ, मिळून दिवसाला ३५ किलोमीटर. शहरात गाडी किलोमीटरला सुमारे ३२ वॅट-तास खाते, हजार वॅट-तास म्हणजे एक युनिट, म्हणजे दिवसाला १.१ युनिट. चार्जरमध्ये थोडं उष्णतेत जातं, म्हणून भिंतीतून १.३ युनिट जातं. महिन्याचे २६ दिवस धरले तर ३४ युनिट.

इथं बिलाचा एक बारकावा आहे. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांनी चढतात. पहिला टप्पा १०० युनिटांचा, पुढचा ३०० पर्यंत. घरचा वापर आधीच ९० युनिट असेल, तर गाडीच्या ३४ पैकी २४ युनिटं वरच्या दरानं पडतात. म्हणून किलोमीटरचा खर्च काढताना बिलाची सरासरी धरू नका, शेवटच्या टप्प्याचा दर धरा. तरीही पेट्रोलपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं, पण आकडा खरा असला पाहिजे.

उन्हाळा

सोलापुरात गाडी सांभाळायची म्हणजे मुख्यतः उन्हाळा सांभाळायचा. एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ च्या पुढं जातो आणि लिथियम बॅटरीला थंडीपेक्षा आपला उन्हाळा जास्त बाधतो. त्यातही सगळ्यात वाईट काय, तर पूर्ण भरलेली बॅटरी उन्हात तासन् तास उभी राहणं.

उन्हातून घरी आलात की लगेच प्लग लावू नका. तासभर सावलीत निवू द्या. मी त्याहून पुढं गेलो: १६ अँपिअरचा टायमर स्विच लावला आणि चार्जिंग पहाटे पाचला सुरू होईल असं केलं. त्या वेळी बॅटरी सगळ्यात गार असते, साडेसहाच्या सुमारास भरते आणि साडेसातला मी निघतो. म्हणजे भरलेल्या अवस्थेत ती तासभरच राहते. रोज ८० टक्क्यांवर थांबवलं तरी चालतं. मात्र तुमची बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची असेल तर अधूनमधून शंभर टक्के भरा. त्या बॅटरीचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात फारसा हलत नाही, त्यामुळं पूर्ण भरल्याशिवाय गाडीला टक्क्यांचा अंदाज नीट येत नाही आणि आतले सेल एकसारखे भरत नाहीत. कुठली बॅटरी आहे ते पुस्तिकेत बघा.

कारखान्यात मी कडुलिंबाखाली जागा धरून ठेवली आहे. त्यासाठी दहा मिनिटं लवकर निघतो.

तुळजापूरला जाताना

पहिल्यांदा आईला घेऊन तुळजापूरला निघालो तेव्हा सगळ्यांनी घाटाची भीती घातली. अंतर ४५ किलोमीटरच्या आसपास, आणि चढ सगळा मिळून सुमारे दोनशे मीटर. दोन माणसं आणि गाडी मिळून २७० किलो धरले, तर एवढं वजन दोनशे मीटर वर न्यायला जेमतेम ०.१५ युनिट लागतं. मोटरमधला तोटा धरून पाच-सहा किलोमीटरची रेंज गेली म्हणा. उतरताना त्यातलं थोडं परतही मिळतं.

खरी रेंज खातो तो वेग. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे वेग दुप्पट तर अडथळा चौपट. हमरस्त्यावर ७० ने चालवली तेव्हा माझी गाडी किलोमीटरला ४२ वॅट-तासांवर गेली, ५० ने चालवली तेव्हा ३३ वर आली. समोरून वारा असेल तर वारा आणि तुमचा वेग यांची बेरीज होते. त्यामुळं वाऱ्याच्या दिवशी ५० च्या पुढं जाऊ नका आणि २० टक्के शिल्लक ठेवूनच घर गाठायचा हिशोब करा. टायरमधली हवा दर पंधरा दिवसांनी बघा.

पाऊस आणि धुणं

बॅटरीवर आयपी ६७ लिहिलं असेल तर ती धूळ आत घेत नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकते. चार्जरला आणि चार्जिंगच्या सॉकेटला ही हमी नसते, हे लोक विसरतात. धुताना प्रेशरचा पाइप सॉकेटवर, डिस्प्लेवर, चाकाच्या बेअरिंगवर मारू नका. बादली आणि फडकं पुरतं. काळ्या मातीचा चिखल मात्र मडगार्डखालून त्याच दिवशी काढा, वाळला की सिमेंट होतो.

आता सुधारणांकडं

गाडी सहा महिने चालवली की खोडी कळतात. त्या तीन गटांत लिहा: धोक्याच्या, रोज त्रास देणाऱ्या आणि नुसत्या नावडत्या. तिसरा गट सोडून द्या. रंग आवडला नाही हे कळवून कुणाचंच भलं होत नाही.

माझ्या वहीत धोक्याच्या गटात पहिली नोंद शेजारच्या मुलाची आहे. गाडी मेन स्टँडवर होती आणि मी चालू ठेवून गेट उघडायला गेलो. आवाज नाही, म्हणून मुलाला वाटलं बंद आहे. त्यानं अॅक्सिलरेटर पिळला आणि मागचं चाक जोरात फिरलं. मुलगा बाजूला उभा होता म्हणून वाचला. साइड स्टँड लावला की मोटर तोडणारा स्विच बऱ्याच गाड्यांत असतो, मेन स्टँडला तो नसतो. तेव्हापासून दोन पावलं जायचं असलं तरी मी चावी काढतो. आणि माझी सूचना अशी: गाडी तीस सेकंद उभी राहिली की तिनं आपोआप पार्कमध्ये, म्हणजे अॅक्सिलरेटर चालत नाही अशा स्थितीत, जावं, आणि ब्रेक दाबल्याशिवाय पुन्हा चालू होऊ नये.

दुसरी नोंद आईची. आई नऊवारी नेसते आणि एका बाजूला बसते. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १२३ सांगतो की मागच्या माणसाला धरायला पक्की मूठ, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागचं निम्मं चाक झाकणारं संरक्षण हवं. माझ्या गाडीला हे सगळं होतं. पण साडी गार्डवरची पाय ठेवायची जागा म्हणजे एक गोल नळी होती. आईचा पाय त्यावरून सरकायचा आणि ती सगळा रस्ता माझा खांदा घट्ट धरून बसायची. मी आधी पुठ्ठ्याची पट्टी कापून नळीवर बांधली आणि उभ्या गाडीवर आईला बसवून बघितलं. सहा इंचाची लहान पडली, नऊ इंचाची बरोबर आली. मग वेल्डरकडून पत्र्याची पट्टी करून घेतली, वर खाचा पाडल्या आणि दोन क्लॅम्पनं आवळली. चौकटीला एकही भोक पाडलं नाही. वळणावर पट्टी जमिनीला टेकत नाही ना, ते रिकाम्या मैदानात हळू चालवून बघितलं. आता आई सिद्धेश्वराच्या देवळापर्यंत खांदा न धरता येते.

काम करायची रीत यातच आली. आधी पुठ्ठा, मग चपलेचा रबर, मग पत्रा. प्रत्येक टप्प्यावर ज्याचा त्रास आहे त्यालाच बसवून बघायचं.

काही गोष्टींना हात लावायचा नाही. नारिंगी वायरी जास्त व्होल्टेजच्या असतात. बॅटरीचं झाकण, कंट्रोलर, ब्रेकच्या नळ्या यांतही शिरू नका. ७२ व्होल्टच्या बॅटरीची टोकं पान्यानं जोडली गेली तर पाना वितळतो. जास्तीचा दिवा बसवायला वायर चिरली तर वॉरंटीही जाते.

तिसरी नोंद सर्वांत साधी, चार्जिंग सॉकेटच्या रबरी टोपीची. टोपीला धरून ठेवणारी पट्टी चार महिन्यांत तुटली आणि टोपी हरवली. जूनच्या पहिल्या पावसात सॉकेटमध्ये पाणी गेलं आणि गाडी चार दिवस सर्व्हिस सेंटरला पडून राहिली. चार-पाच रुपयांची वस्तू, आणि चार दिवस मी रिक्षानं कामावर गेलो. नवी टोपी मी सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून बांधली, ती दीड वर्ष टिकली आहे.

पत्र कसं लिहावं

एका पत्रात एकच सूचना. रागात लिहू नका, आणि रविवारी सकाळी शांतपणे लिहा. मी टोपीबद्दल असं लिहिलं होतं:

«गाडी १४ महिने वापरतो, ११,२०० किलोमीटर झाले. चार्जिंग सॉकेटच्या टोपीची पट्टी चौथ्या महिन्यात मुळाशी तुटली. दिवसातून दोनदा उघडझाप होते, आणि गाडी उन्हात उभी राहते. पट्टी मुळाशी सगळ्यात बारीक आहे आणि तिथंच वाकते. सूचना: मुळाशी जाडी वाढवावी, किंवा टोपीऐवजी वरून खाली पडणारं बिजागरीचं झाकण द्यावं, म्हणजे पाणी बाहेर निथळेल. मी सायकलच्या ट्यूबची पट्टी लावली आहे, ती १० महिने टिकली. तीन फोटो सोबत.»

काय तुटलं, कधी, किती वापरानंतर, का, आणि काय करून बघितलं, एवढं हवं. फोटोत शेजारी पट्टी किंवा एक रुपयाचं नाणं ठेवा, म्हणजे माप कळतं. ई-मेल ग्राहक सेवेला करा आणि छापील प्रत सर्व्हिस सेंटरच्या मुख्य मेकॅनिकला द्या. रोज दहा गाड्या उघडणारा तो माणूस असतो. त्यानं «हे मलाही दिसतं» म्हटलं तर ते वाक्यही पत्रात घाला.

पहिल्या ई-मेलला नुसती पोच आली. महिन्यानं पुन्हा तेच पत्र, वरती नवे किलोमीटर लिहून पाठवलं. त्या वेळी एका इंजिनिअरचा फोन आला. त्यानं विचारलं, पट्टी तुटली तिथली जाडी किती आहे? तुटका तुकडा मी वहीत चिकटवून ठेवला होता. कारखान्यातलं व्हर्निअर घेतलं, मोजलं आणि तिथूनच कळवलं: १.४ मिलिमीटर.